चाळिशीनंतरचे डोंगर : हा छंद टिकतो कशावर?

बोगद्यापलीकडची (सातारा)

महाविद्यालयात असताना लागलेला डोंगर चढण्याचा नाद नोकरी, संसार आणि मुलांच्या शाळा यांतून वाट काढत आजवर माझ्यासोबत आला आहे. मात्र तो यापुढे किती काळ आणि कशाच्या बळावर चालेल, याचा विचार मी आताशा करू लागले आहे. ज्या मंडळींबरोबर वैराटगड, पांडवगड आणि चंदन-वंदन पाहिले, त्यांतील बहुतेक जण पुण्याला किंवा त्याहून दूर गेले. जवळचे किल्ले पाहून झाले आहेत आणि दूरच्या किल्ल्यांना एक रविवार पुरत नाही. चढताना दम लागतो त्याचे मला काही वाटत नाही, परंतु उतरताना गुडघे जी कुरकुर सुरू करतात ती सोमवारी कार्यालयाच्या जिन्यापर्यंत ऐकू येते.

तरीही पहिला पाऊस झाल्यावर यवतेश्वराच्या चढाला लागले की घरातील आणि कार्यालयातील निम्मे विषय आपोआप मागे पडतात, त्यामुळे हे सोडून द्यावे असे कधी वाटले नाही. ज्यांनी हा छंद दीर्घकाळ सांभाळला आहे त्यांना मला विचारायचे आहे की, तेच तेच डोंगर पुन्हा चढण्यात गोडी कशी टिकते, शरीराची डागडुजी तुम्ही कशी करता आणि जुनी सोबत सुटल्यावर काय करता? "मनाने तरुण राहा" हा सल्ला कृपया देऊ नये. तो मला घरीच भरपूर मिळतो.

माहुलीचा घाट

ताई, मी बहुतेक दिवशी पहाटे अजिंक्यताऱ्यावर जातो. किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंच असला तरी शहरच मुळात उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ फार नाही, आणि गाडीरस्ताही आहे. म्हणून काही मित्र याला डोंगर चढणे मानतच नाहीत. परंतु तोच दरवाजा, तीच तटबंदी आणि तेच मंगळाई देवीचे देऊळ रोज पाहणाऱ्यालाच कळते की, जूनमध्ये तटाच्या सांध्यांतून कोणते गवत आधी उगवते आणि ऑक्टोबरात ते कोणत्या दिवसापासून पिवळे पडू लागते. तोच डोंगर पुन्हा चढण्याचा कंटाळा येतो ही तक्रार मला पटत नाही, कारण आपण डोंगराकडे शिखरापुरते पाहतो म्हणून तो एकदा पाहून संपतो.

हरिपूरकर

माहुलीकर, आपले म्हणणे सुंदर आहे, पण ते खिडकी उघडली की किल्ला दिसणाऱ्या माणसाचे आहे. आम्हा सांगलीकरांच्या वाट्याला कृष्णाकाठची काळी, सपाट जमीन आली आहे. शहरातला सर्वांत मोठा चढ कोणता असे विचारले तर आयर्विन पूल असे उत्तर द्यावे लागते, आणि तोही महापुरात बंद असतो.

त्यामुळे आमच्याकडे हा छंद मुळात प्रवासाचा आणि नियोजनाचा होतो. जवळ म्हणावा तर भोसे गावाजवळचा दंडोबा, नाही तर सागरेश्वर. शिराळ्याकडे सह्याद्रीची मुख्य धार गाठायची तर जाण्यायेण्यातच दिवस सरतो, आणि प्रचितगडासारखा किल्ला व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असल्याने वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे वळताही येत नाही. "रोज चढा" हा उपाय आम्हाला लागू पडत नाही, त्यामुळे महिन्यातून एकदाच जाऊनही छंद टिकतो का, याचे उत्तर मला हवे आहे.

भडंग

हरिपूरकरांना दुजोरा देतो. मात्र आपल्याकडे चढ नसला तरी डोंगरावर नेण्याजोगा खाऊ आहे, ही जमेची बाजू त्यांनी सांगायला हवी होती.

कंदी पेढा

भडंग यांना सविनय कळवतो की, खाऊच्या बाबतीतही साताऱ्याचे पारडे हलके नाही. वाटल्यास माझे नाव पाहावे.

मिरजेची फिजिओ

मूळ प्रश्नातील गुडघ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मिरजेत माझ्याकडे येणाऱ्यांत डोंगर चढणारे बरेच असतात आणि त्यांची तक्रार बहुधा हीच असते.

चढताना हृदय आणि फुप्फुसे थकतात, उतरताना मात्र मांडीचा पुढचा स्नायू एकाच वेळी ताणलाही जातो आणि शरीराचा भार रोखूनही धरतो. अशा कामाची सवय नसलेल्या स्नायूत सूक्ष्म इजा होतात, म्हणून दुखणे त्याच दिवशी न जाणवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उफाळते. हे दुखणे स्नायूचे असेल तर आपोआप जाते. परंतु गुडघ्याच्या वाटीमागे किंवा सांध्याच्या आत दुखत असेल, सूज येत असेल किंवा गुडघा मध्येच अडकत असेल, तर अंगावर न काढता तपासून घ्यावे.

हरिपूरकरांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. स्नायूंना डोंगर लागत नाही. त्यांना उताराचा सराव लागतो. घरातील जिन्याच्या पायरीवर एका पायाने उभे राहून दुसरा पाय सावकाश खाली टेकवायचा आणि पुन्हा वर घ्यायचा, हा व्यायाम आठवड्यातून तीनचार वेळा केला तर महिन्यातून एकदा जाणाऱ्याचेही गुडघे साथ देतात. उतरताना पावले छोटी टाकावीत, गुडघा ताठ ठेवून टाच आपटू नये आणि पाठीवरचे ओझे कमी करावे. दोन काठ्या वापरल्या तर भाराचा काही वाटा हातांकडे जातो. उतारावर त्या किंचित लांब करून घ्याव्या लागतात. आपल्याकडे काठी म्हणजे म्हातारपण असा समज असल्यामुळे पन्नाशीची माणसे ती घ्यायला लाजतात आणि साठीत त्यांना ती डोंगराऐवजी घरात घ्यावी लागते.

कंदी पेढा

हा प्रतिसाद मी माझ्या गुडघ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. डाव्याला पटला आहे, उजव्याचा विचार चालू आहे.

रविवारचा भटक्या

मी इथल्या बहुतेकांपेक्षा वयाने लहान आहे, तेव्हा माझे चुकत असेल तर सांगावे. पण "तोच डोंगर पुन्हा पुन्हा" या म्हणण्याचा वर फारच गौरव झाला आहे. मी यादी करून किल्ले पाहतो आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. यादी होती म्हणूनच मी पाटणजवळचा दातेगड पाहिला. तेथील कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर पाहिल्यावर, दर आठवड्याला एकाच टेकडीवर गेलो असतो तर काय गमावले असते, ते मला समजले. यादी होती म्हणूनच खानापूर तालुक्यातल्या भूपाळगडावर गेलो, बहिर्जी नाईकांच्या समाधीपाशी थांबलो आणि १६७९ साली दिलेरखानाने हा गड घेतला त्या प्रसंगाविषयी घरी येऊन वाचत बसलो.

शिवाय मोठे स्वप्न पाहण्यात गैर काय आहे? आपल्याच साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ साली एव्हरेस्ट सर केले, २०२१ मध्ये अन्नपूर्णा आणि २०२२ मध्ये कांचनगंगा सर करून ८००० मीटरहून उंच अशी पाच शिखरे गाठणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळवला. ध्येय नसते तर हे घडले असते का?

माहुलीचा घाट

भटक्या, त्यांचा अभिमान मलाही तुमच्याइतकाच आहे. परंतु तो गिर्यारोहणाचा मार्ग आहे आणि त्यामागे प्रशिक्षण, पैसा व आयुष्याची वेगळी मांडणी असते. धागा काढणाऱ्या ताईंना सोमवारी कार्यालयात जायचे आहे. यादी संपल्यावर तुम्ही काय कराल, एवढेच मला विचारायचे आहे. कारण यादी करून फिरणारे माझे अनेक सोबती यादी संपताच बूट माळ्यावर टाकून मोकळे झाले.

हरिपूरकर

बुटांचा विषय निघालाच आहे तर एक व्यावहारिक सूचना करतो. माळ्यावर टाकलेले बूट काही वर्षांनी काढून थेट डोंगरावर नेऊ नयेत. अनेक बुटांच्या तळव्यातला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि तो हवेतल्या ओलाव्याने हळूहळू कुजतो. बूट दिसायला नवे असतात, पण चार पावले टाकताच तळवा भुगा होऊन सुटतो. गंमत अशी की, नियमित वापरातले बूट या बाबतीत जास्त टिकतात. बूट दोन-तीन वर्षे पडून असतील तर आधी घराजवळच्या रस्त्यावर तासभर चालून पाहावे, आणि पिशवीत सुतळी ठेवावी. सुटलेला तळवा बांधून निदान गाडीपर्यंत येता येते.

कराडची सुनंदा

मला सोबतीच्या प्रश्नावर लिहायचे आहे, कारण बाईमाणसाच्या बाबतीत हा छंद गुडघ्यांमुळे सुटण्याआधी सोबतीमुळे सुटतो. पुरुषांना "येतो" म्हणून निघता येते. आम्हाला आदल्या रात्री भाजी चिरून ठेवण्यापासून ते कोण कोण आहे, परत किती वाजता, गाडी कोणाची, इथपर्यंत सर्व उत्तरे तयार ठेवावी लागतात. त्यात वाटेत आडोसा मिळेल का, ही चिंता असते; त्यापायी कित्येक जणी पाणीच कमी पितात आणि मग उन्हात त्यांना चक्कर येते. याविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

कराडला सदाशिवगडावर पहाटे चढणारी माणसे भरपूर असतात. तिथे रोज दिसणाऱ्या चेहऱ्यांतूनच आमचा बायकांचा गट जमला. आधी ओळख होती म्हणून आम्ही एकत्र डोंगरावर गेलो असे झाले नाही. डोंगरावर पुन्हा पुन्हा भेटत राहिल्याने ओळख झाली. धागा काढणाऱ्या ताईंनी जुनी मंडळी परत येण्याची वाट पाहू नये. अजिंक्यताऱ्यावर एकाच वेळेला महिनाभर जाऊन पाहावे; सोबत मिळेल, आणि ती सगळी आपल्याच वयाची असेल असेही नाही. आमच्या गटात माझ्या मुलीच्या वयाची एक जण आहे आणि वाट शोधण्यात तीच आमची पुढारी आहे.

बोगद्यापलीकडची (सातारा)

सुनंदाताई, पाण्याविषयी लिहिलेत त्याबद्दल आभार मानते. मीही हेच करत आले आहे आणि त्याला कारण म्हणून वयाला दोष देत आले आहे.

वासोट्याचा वाटसरू

गर्दीचा मुद्दा कोणीच काढला नाही याचे आश्चर्य वाटते. माझ्यासारख्या अनेकांचा उत्साह मावळला तो डोंगरावर वाजणाऱ्या ध्वनिक्षेपकांमुळे आणि टाक्यांत तरंगणाऱ्या बाटल्यांमुळे. कास पठाराला २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यानंतर सप्टेंबरातल्या रविवारी तिकडे जाण्याचे धाडस मी करत नाही.

वासोटा किल्ल्याचा अनुभव मात्र वेगळा आहे. बामणोलीहून शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या, पाण्यातून लाँचने पलीकडे जायचे, वनखात्याच्या चौकीवर नावे लिहायची, सोबतच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजून द्यायच्या, संध्याकाळच्या आत माघारी यायचे आणि पावसाळ्यात जायचेच नाही. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा आम्ही सगळेच या बंधनांवर चिडलो होतो. आज मला वाटते की, त्या अरण्याची शांतता या कटकटीमुळेच टिकली आहे. बाबुकड्यासमोर उभे राहिल्यावर दुसऱ्या गटाचा आवाज कानावर येत नाही, आणि वाटेत गव्याच्या खुरांचे ताजे ठसे दिसले की बोलकी माणसेही गप्प होतात.

रविवारचा भटक्या

पण बंधने वाढत गेली तर नवीन माणसांनी हा छंद लावून कसा घ्यायचा? मागच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, मराठ्यांच्या लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात आपला प्रतापगड आहे. आता तिथेही गर्दी होणार आणि मग नियम येणार. ज्यांनी आधी मनसोक्त फिरून घेतले त्यांना नियम गोड वाटतात, अशी मला शंका आहे.

वासोट्याचा वाटसरू

शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच म्हणतो की, सातारा जिल्ह्यात संतोषगड, वारुगड, महिमानगड असे पूर्वेकडचे किल्ले आहेत, तिथे आजही रविवारी चिटपाखरू नसते. माण-फलटणच्या बाजूला हिरवळ कमी, ऊन जास्त, म्हणून छायाचित्रे चांगली येत नाहीत आणि गर्दीही जात नाही. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात तिकडे जाऊन पाहा.

निवृत्त मास्तर, परळी खोरे

सर्वांचे प्रतिसाद शांतपणे वाचले. माझे वय आता सत्तरीच्या पुढे आहे आणि सज्जनगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यात आयुष्य गेले, म्हणून चार शब्द लिहितो.

भटक्या आणि माहुलीकर यांचे भांडण मला खोटे वाटते. तरुणपणी मीही किल्ल्यांच्या मागे धावत असे. पुढे तेवढे चालणे होईना, तेव्हा मी डोंगर कसा बनला आहे ते पाहू लागलो. आपल्याकडचे डोंगर लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचे आहेत. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याचा पदर होतो; म्हणूनच आपल्या वाटा आधी झाडीतून, मग उभ्या कातळातून आणि पुन्हा सपाटीवरून जातात. माथ्यावर जांभा आला की माती बोटभर उरते आणि झाडाऐवजी तिथे फुलांचा सडा होतो. कासची फुले त्या पातळ मातीची आहेत. हे कळल्यावर परळीहून सज्जनगडाचा जुना चढही मला नव्याने वाचता येऊ लागला. गाडीरस्ता बराच वरपर्यंत गेला आहे, पण मी जमेल तेव्हा पायवाटेनेच जातो आणि वाटेत किती वेळा बसलो हे मोजत नाही.

त्यानंतर दृष्टी अधू झाली, तेव्हा पक्ष्यांच्या आवाजांकडे वळलो. कारवी सात वर्षांनी फुलते. माणसाच्या वाट्याला तिचे बहर मोजकेच येतात, आणि प्रत्येक बहराच्या वेळी आपल्या अंगात वेगळे बळ असते. एका बहराला मी वासोट्याच्या रानात होतो, अलीकडच्या बहराला रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलो होतो. ज्यांनी डोंगराकडे एकाच कारणासाठी जायचे ठरवले, ते माझे सोबती थांबले. ज्यांनी कारण बदलू दिले ते अजून येतात, असे मला दिसते.

मिरजेची फिजिओ

मास्तर, खुर्चीचा उपाय माझ्या अभ्यासक्रमात नव्हता, तो आता सुचवू लागेन.

भडंग

मास्तरांनी सर्व सांगितले, पण एकट्याने जावे की नाही हा भाग राहिला. मी एकटा जातो आणि घरी एक कागद ठेवून जातो: कोणती वाट, कोणते गाव, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. आपत्कालीन ११२ हा क्रमांक सर्वांना पाठ असतो, पण खोऱ्यात मोबाइलला पट्टीच नसते हे लक्षात राहत नाही. त्यामुळे चढायला लागण्यापूर्वी पायथ्याच्या गावात कोणाला तरी सांगून जाणे मला जास्त भरवशाचे वाटते.

दुसरे म्हणजे, आपल्या दगडाळ उतारांवर फुरसे असते. ते आकाराने लहान असल्यामुळे लोक त्याला फारसे गंभीरपणे घेत नाहीत. चावल्यास जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. माणसाला चालवू नये, तो अवयव स्थिर ठेवावा आणि सर्पदंशावरील लस असलेले रुग्णालय गाठावे. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालते. आग्या मोहोळाजवळ धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा, हे तर सर्वांना ठाऊक आहेच.

हरिपूरकर

भडंग, आपण खाऊवरून इतक्या गंभीर विषयावर याल असे वाटले नव्हते.

मास्तरांमुळे माझ्याही प्रश्नाला वाट सापडली. सागरेश्वराला मी आजवर "जवळ आहे म्हणून" जात होतो. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर झाडे लावून आणि हरणे आणून सोडून ते अभयारण्य उभे राहिले. तिथल्या माथ्यावरून कृष्णेचे उसाने भरलेले खोरे दिसते आणि पाठीमागे कोरडा दुष्काळी मुलूख दिसतो. ही सीमा वर्षभरात कशी सरकते, हे दर महिन्याला जाऊन पाहता येईल. जिन्याच्या पायरीवरचा व्यायामही कालपासून सुरू केला आहे. घरच्यांना तो नवस वाटतो.

बोगद्यापलीकडची (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. मास्तरांचे म्हणणे पटले तरी एक मतभेद नोंदवते. कारण बदलत गेले तर छंद टिकतो हे खरे. पण माझ्यापुरते मूळ कारण अंग मोडून चढण्याचेच आहे, आणि ते अजून सोडायचे नाही. दगड आणि पाखरे मी पुढे केव्हा तरी शिकेन. सध्या काठ्या घेणार आहे, पायरीवरचा व्यायाम करणार आहे आणि सुनंदाताईंच्या सूचनेप्रमाणे अजिंक्यताऱ्यावर सकाळी सहाची वेळ धरणार आहे.

आता एक नेमका प्रश्न विचारते. सातारा रोड गावाकडचा कल्याणगड, म्हणजेच नांदगिरी, अनेक वर्षांत झालेला नाही. डिसेंबरात मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन जावे असे मनात आहे. तेथील गुहेत मुलींना नेणे कितपत सोयीचे आहे?

रविवारचा भटक्या

ताई, मी पावसाळा संपल्यावर गेलो होतो. चढ तासाभराचा आहे आणि वाट मळलेली आहे. गुहा पहिल्या दरवाजाजवळून जराशी खाली उतरून लागते. आत पूर्ण अंधार आणि गार पाणी असते. आधाराला कठडा आहे. शेवटी पार्श्वनाथांची आणि दत्तात्रेयांची मूर्ती आहे. डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येकीकडे स्वतंत्र असू द्यावी, एकीवर सर्वांनी विसंबू नये.

कराडची सुनंदा

आणि बूट बाहेर काढून अनवाणी जावे, म्हणजे उतरताना पाय ओल्या बुटांत राहत नाहीत. तीन मुली असतील तर सुक्या मोज्यांचे जादा जोड तुम्हीच घ्या. त्यांना सांगून उपयोग नाही. शनिवार असेल तर परतताना जरंडेश्वराच्या बाजूला मारुतीच्या भक्तांची गर्दी असते, गाडी लावायला जागा मिळत नाही. रविवार ठरवा.